प्रार्थना येत नाही म्हणणाऱ्यांसाठी

रविवारची उपासना संपली की आवारात चहा होतो. कप हातात आला की कोणी ना कोणी मला कोपऱ्यात गाठतं. कधी इंजिनिअरिंगचा पोरगा, कधी नवी सून, परवा तर साठी उलटलेले एक गृहस्थ. म्हणणं एकच: "काका, मले प्रार्थना करताच येत नाही. बसतो, डोळे मिटतो, अन् पुढं काही सुचतच नाही."

मी पाळक नाही. रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो, अजनीहून बल्लारशा, आमला, बडनेरा. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे. आमच्या वेळी गार्डच होतं. पुढं ५८ वाघिणी कोळसा, त्याच्याही पुढं इंजिन, आणि सगळ्यात मागं पत्र्याच्या डब्यात एकटा माणूस. लूप लाइनवर गाडी उभी राहिली की दोन-दोन तास सिग्नल नाही. बोलायला कोण? मग देवाशीच बोलायची सवय लागली. मंडळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मला विचारतात. तर एकदाचं लिहूनच ठेवतो.

आधी निरोप पाठवायला शिका

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढा. बेथानी गावात लाजार आजारी पडतो. त्याच्या बहिणी, मार्था आणि मरीया, येशूकडे माणूस पाठवतात. निरोप काय देतात? ताबडतोब या, असं नाही. बरं करा, असंही नाही. आमच्या भावाचा तुमच्यावर किती जीव आहे, आमच्या घरी तुमची किती ऊठबस झाली, याची आठवण करून देत नाहीत. एवढंच कळवतात की ज्याच्यावर तुमचं प्रेम आहे तो आजारी आहे. संपला निरोप.

मला विचाराल तर प्रार्थनेचं अर्ध्याहून जास्त शिक्षण या निरोपात आहे. त्या बहिणींनी भार कोणाच्या प्रेमावर टाकलाय ते बघा. आपण नेमकं उलटं करतो. बसलो की आधी आपली बाजू मांडतो: प्रभू, या महिन्यात एकही रविवार चुकवला नाही, दशांश दिला, सासूला उलटून बोलले नाही. नाही तर दुसरं टोक गाठतो: मी एवढा पापी, माझं तू कशाला ऐकशील. दोन्हीकडे खातं आपलंच उघडलेलं. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय सांगतो की सुरुवात आपण केलेलीच नाही. आपण त्याच्यावर प्रेम करायच्या आधी त्यानं आपल्यावर केलं. हे एकदा डोक्यात उतरलं की देवाला मनवायचं कसं, हा प्रश्नच उरत नाही. आधीच ज्याचा जीव आहे त्याला फक्त कळवायचं असतं.

म्हणून आज रात्री मोठी प्रार्थना करूच नका. ज्याची काळजी लागली आहे त्याचं नाव घ्या, त्याच्या आधी 'ज्याच्यावर तुझं प्रेम आहे' एवढं जोडा आणि काय झालंय ते सांगा. "प्रभू, जिच्यावर तुझं प्रेम आहे ती माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही." "ज्याच्यावर तुझं प्रेम आहे तो आमच्या वरच्या मजल्यावरचा माणूस पुन्हा प्यायला लागला." उपाय सुचवू नका. शेवटी स्वतःचंही तसंच सांगा: "ज्याच्यावर तुझं प्रेम आहे तो मी, उद्या साहेबासमोर जायला घाबरून राहिलो." हे म्हणताना जीभ अडखळते. कितीतरी जणांची अडखळताना मी पाहिली आहे. अडखळली तरी म्हणा. पहिला आठवडा एवढंच.

जागा, वेळ आणि कूलर

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, खोलीत जा, दार लावून घे आणि मग प्रार्थना कर. नागपूरच्या इंदोरा वस्तीत दोन खोल्यांत सहा माणसं राहत असतील तर कुठली खोली नि कुठलं दार? त्या वाक्याच्या आधी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून लोकांना दिसेल अशी प्रार्थना करणाऱ्यांचा उल्लेख आहे. मुद्दा प्रेक्षकांचा आहे, दाराचा नाही. जिथं तुम्हाला कोणी प्रेक्षक नाही ती तुमची खोली. मंडळीतली एक मुलगी लोकमान्य नगरहून मेट्रोत बसते, कानात इअरफोन घालते, गाणं लावत नाही, आणि सीताबर्डी येईपर्यंत प्रार्थना करते. कोणी हटकत नाही. एक जण कॉटन मार्केटला भाजी आणायला पहाटे जातो तो मुद्दाम पायी जातो.

आणि मे महिन्यात कूलरच्या आवाजाला नावं ठेवू नका. कूलर सुरू असला की शेजारच्या खोलीत तुमचा आवाज जात नाही. नागपुरात मोठ्यानं प्रार्थना करायला याहून चांगली सोय नाही. ज्यांना आवाजच नको त्यांच्यासाठी हन्ना आहे. पहिल्या शमुवेलाच्या पहिल्याच अध्यायात ती मंदिरात मूल मागते, ओठ हलतात, आवाज येत नाही. एली याजकाला वाटतं बाई पिऊन आली. याजकालाही कळली नाही, पण जिथं पोचायची तिथं ती पोचली.

वेळेबद्दल लोक उगाच स्वतःला छळतात. येशू पहाटे अंधारात उठून प्रार्थनेला गेला, हे मार्कानं लिहिलंय. तोच डोंगरावर रात्रभर प्रार्थनेत राहिला, हे लूकनं लिहिलंय. गार्डाला तर पहाट नसतेच, कॉल असतो. ज्यांच्या शिफ्ट बदलतात त्यांनी घड्याळ धरू नये, एखादं रोजचं काम धरावं. चहाचं आधण ठेवलं की, डबा भरून झाला की, स्कूटी स्टँडवर लावली की. दहा मिनिटं पुष्कळ. मोबाइल दुसऱ्या खोलीत. बायबल मोबाइलमध्येच वाचत असाल तर एअरप्लेन मोडवर टाका, नाही तर स्तोत्राच्या मध्येच कुणाच्या तरी घराचं वास्तुपूजन उघडतं.

या दहा मिनिटांशिवाय दिवसभर छोट्या प्रार्थना करायची सवय लावून घ्या. नहेम्या राजाला द्राक्षारस देत उभा असताना राजा विचारतो, तुला काय हवंय? नहेम्या देवाची प्रार्थना करतो आणि लगेच राजाला उत्तर देतो. प्रश्न आणि उत्तराच्या मध्ये कितीसा वेळ असेल! आमच्या कामात स्टेशन ओलांडताना गार्ड आणि ड्रायव्हर एकमेकांना 'ऑल राइट' द्यायचे, दिवसा झेंडा, रात्री हातदिवा. त्यात बातमी काही नसायची; तू पुढं आहेस, मी मागं आहे, गाडी जोडलेली आहे, एवढंच. दिवसातल्या निम्म्या प्रार्थना अशाच असाव्यात असं मला वाटतं.

प्रभूची प्रार्थना, पण सावकाश

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी बोलणं झालं आणि त्यानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. वाचता वाचता टिळक डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि ते त्यांना सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. रेल्वेवाला म्हणून मला या गोष्टीचा जरा जास्तच अभिमान. तर ज्या प्रवचनानं टिळकांना धरून ठेवलं, मत्तयाचे ५ ते ७ अध्याय, त्यातच येशूनं शिकवलेली प्रार्थना आहे. आपण ती रविवारी अशी म्हणतो की 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणेपर्यंत मागच्या बाकावरचे 'आमेन'ला पोचलेले असतात.

घरी ती एकेक ओळ घेऊन म्हणा. ओळ म्हणायची, थांबायचं, त्या ओळीत आपलं आजचं काय बसतं ते घालायचं, मग पुढची ओळ.

पहिल्याच ओळीत काहींची गाडी अडते. ज्याचा बाप दारू पिऊन मारायचा त्याला 'पित्या' म्हणताना काय होत असेल? एका मुलीनं मला हे सरळ सांगितलं. तिला यशयाचा ४९ वा अध्याय वाचून दाखवला: आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल का? एखादी विसरलीच, तरी मी तुला विसरणार नाही. पाहा, मी तुला माझ्या तळहातांवर कोरलंय. ती मुलगी आता नुसतं 'प्रभू' म्हणून सुरुवात करते. देवाची काही हरकत असेल असं मला वाटत नाही.

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' इथं लाजू नका. विजेचं बिल, मुलाची फी, गुडघ्याचं ऑपरेशन, बदली, सगळं भाकरीत येतं. लोकांना वाटतं देवापुढं पैशाचं बोलणं बरं नाही. मग ते जगाच्या शांतीसाठी प्रार्थना करतात आणि रात्रभर हप्त्याच्या काळजीनं जागतात. काळजी जिथं आहे तिथून प्रार्थना सुरू होऊ द्या. एक पथ्य मात्र पाळा: आपली भाकर मागताना ज्याची भाकर आज अडली आहे अशा एकाचं नाव घ्या. काटोलकडे आमच्या नात्यातल्या एकाची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराला गळ लागली की झाडाखाली फळांचा सडा पडतो. त्या दिवसांत आमच्या घरी जेवणाआधी त्याचं नाव असतंच, आणि फोनही जातो. नुसतं नाव घेऊन फोन न करणं मला पटत नाही.

मग ऋणांची ओळ. जसे आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड. इथं खरा घाम फुटतो. रीत सांगतो. ज्यानं आपलं नुकसान केलं त्याचं नाव घ्यायचं आणि त्यानं काय केलं ते साखर न लावता देवाला सांगायचं: 'त्यानं माझे पैसे बुडवले आणि वर मलाच खोटं पाडलं.' मग म्हणायचं, 'मी सोडलं.' मन म्हणेल, कुठं सोडलं? बरोबर आहे, नाहीच सोडलेलं. उद्या पुन्हा म्हणायचं. पेत्रानं विचारलं होतं सात वेळा पुरे का, तर येशू सातावर थांबला नाही, सत्तर गुणिले सातावर गेला. मला वाटतं त्यातल्या पुष्कळ वेळा एकाच अपराधासाठी लागतात. पण कोणी घरात मारत असेल, तर क्षमा केली म्हणून तिथंच राहायचं असा याचा अर्थ होत नाही. आधी सुरक्षित जागी जा, गरज पडली तर पोलिसात जा. क्षमेचं पुढं बघता येईल.

पुस्तकातून की मनातून?

हा वाद नागपूरला जुनाच आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला इथंच, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. मी तेव्हा शाळकरी पोरगा. वडील नंतर गमतीनं सांगायचे: अँग्लिकन माणसानं पुस्तक उघडलं की बॅप्टिस्टाला वाटे हा देवाला वाचून दाखवतोय, आणि बॅप्टिस्टानं डोळे मिटून सुरू केलं की अँग्लिकनाला वाटे हा थांबणार कधी. हळूहळू दोघंही एका बाकावर रुळले.

माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा. मन भरलेलं असेल तेव्हा आपले शब्द, मन कोरडं असेल तेव्हा उसने. सदरला सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलला जाणारी आमची शेजारीण जपमाळ घेऊन बसते. ती म्हणते, मन भटकून आलं तरी बोटं जागेवर असतात. मी माळ ओढत नाही, पण तिचं म्हणणं मला पटतं.

उसन्या शब्दांचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्तोत्रसंहिता, १५० स्तोत्रं. रोज एक, मोठ्यानं. आवडेल तेच निवडून वाचू नका. शत्रूंचे दात मोड म्हणणारी स्तोत्रंही वाचा. तुम्हाला शत्रू नसतील तर ज्यांना आहेत त्यांच्यासाठी वाचा.

आणि १३६ वं स्तोत्र काढून, वही घेऊन बसा. त्यात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच पालुपद: कारण त्याची दया सनातन आहे. आकाश केलं, त्याची दया सनातन आहे. समुद्र दुभागला, त्याची दया सनातन आहे. आधी कंटाळवाणं वाटतं. पण इस्राएलानं आपला सगळा इतिहास, मिसर, समुद्र, रान, लढाया, पडता काळ, एकेका ओळीत मांडून प्रत्येक ओळीला ते पालुपद जोडलंय. तसंच तुम्ही तुमच्या आयुष्याचं करा. डावीकडे घडलेली गोष्ट, उजवीकडे पालुपद. माझ्या वहीतलं थोडं देतो:

वडिलांना रेल्वेत नोकरी लागली. त्याची दया सनातन आहे.
अजनीच्या क्वार्टरला नळ होता, मागच्या वस्तीला नव्हता, आई दोन बादल्या बाहेर ठेवायची. त्याची दया सनातन आहे.
माजरीच्या पुढं रात्री कपलिंग तुटलं, अर्धी गाडी मागं राहिली, कोणाला खरचटलंही नाही. त्याची दया सनातन आहे.
मुलगी बारावीला गणितात गेली, ऑक्टोबरला पुन्हा बसली. त्याची दया सनातन आहे.
तिच्या आईच्या किडन्या गेल्या. त्याची दया सनातन आहे.

ही शेवटची ओळ लिहायला बसलो तेव्हा डावीकडचं लिहून झालं आणि उजवीकडचं हातून उतरेना. कित्येक दिवस ती ओळ तशीच अर्धी होती. मधल्या काळात खालची ओळ आधी लिहिली: डायलिसिसला शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईनं तिला क्रोशाकाम शिकवलं, त्याची दया सनातन आहे. मग वरची पुरी केली. तुमच्याही वहीत अर्ध्या ओळी राहतील. राहू द्या, खोटं पालुपद लावू नका.

दुसऱ्यासाठी, आणि दवाखान्यात

मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी नावांची यादी लागतेच, नाही तर 'सगळ्यांना आशीर्वादित कर' म्हणून आपण मोकळे होतो. वारांवर वाटून घ्या. सोमवारी नातेवाईक, मंगळवारी कामावरचे, बुधवारी ज्यांच्याशी पटत नाही ते. बुधवार टाळावासा वाटतो, म्हणूनच तो आठवड्याच्या मधोमध ठेवलाय. प्रार्थनासभेत दुसऱ्याचं नाव घेताना मात्र जपून. "प्रभू, अमक्या ताईंच्या घरी जे चाललंय ते तुला ठाऊकच आहे" म्हटलं की देवाला आधीच ठाऊक असलेलं बाकीच्या चौदा जणांनाही कळतं. याला मी प्रार्थना म्हणत नाही.

मेडिकलला किंवा कुठल्याही दवाखान्यात कोणाला भेटायला गेलात, तर आधी विचारा: "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" माणूस ख्रिस्ती असो वा नसो, विचाराच. नाही म्हणाला तर गोष्ट संपली. बसा, संत्र्याचा भाव विचारा, घरी येऊन प्रार्थना करा. हो म्हणाला तर खाली बसून करा, वरून उभ्यानं नको. आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाऊ नये. चार वाक्यं. नाव, दुखणं, डॉक्टर आणि नर्स, आणि रात्री झोप लागू दे. झोपेचं मागायला लोक विसरतात, आणि वॉर्डात तीच सगळ्यात दुर्मीळ. 'तू बरा होणारच' असं वचन देवाच्या नावानं देऊ नका, आणि औषध बंद कर असं तर कधीच सांगू नका.

उत्तर येत नाही तेव्हा

बायकोसाठी आम्ही प्रार्थना केली. मंडळीनं केली, महिला मंडळानं उपास धरले, नागपुरातल्या तीन पंथांच्या लोकांनी केली. ती बरी झाली नाही. ती स्वतः खुर्चीत बसली की एवढंच म्हणायची, "प्रभू, आले मी." चार तास मशीन चालायचं, उठताना "चालले" म्हणायची. याहून लांब प्रार्थना मी तिच्या तोंडून त्या वर्षांत फारशी ऐकली नाही.

ती गेल्यावर दोघं-तिघं घरी आले आणि विश्वास कुठंतरी कमी पडला असेल म्हणाले. त्यांना मी चहा दिला आणि पुन्हा बोलावलं नाही. पौलाचा विश्वास कमी होता? त्यानं आपल्या देहातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, माझी कृपा तुला पुरे, एवढं उत्तर मिळालं. गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं म्हटलं, हा प्याला माझ्यापासून दूर कर. दूर झाला नाही.

आणि पुन्हा तो लाजारचा अध्याय. निरोप पोचल्यावर काय झालं ते आपण घाईत वाचून पुढं जातो. पाचव्या ओवीत म्हटलंय की येशूचं मार्था, तिची बहीण आणि लाजार यांच्यावर प्रेम होतं. सहाव्या ओवीत म्हटलंय की लाजार आजारी असल्याचं ऐकून तो होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला. योहानानं या दोन ओव्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि मधला खुलासा दिलेला नाही. तो येतो तेव्हा लाजार कबरेत जाऊन चार दिवस झालेले. दोघी बहिणी वेगवेगळ्या येतात आणि तोंडावर तेच सांगतात: तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. येशू त्यांना गप्प करत नाही. मरीयेला रडताना पाहून तोही रडतो. लाजारला उठवणार हे त्याला ठाऊक असूनही रडतो.

म्हणून या काळात काय करायचं, तर तक्रार करायची, आणि ती त्याच्याकडेच करायची. १३ व्या स्तोत्रात दावीद 'कुठवर' म्हणून चार वेळा विचारतो. ८८ व्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो, आशेची एक ओळसुद्धा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेही म्हणवत नसेल तर नुसतं बसा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की आपल्याला नीट मागता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्यानं आपल्यासाठी मागतो. त्याच अध्यायात पुढं ख्रिस्ताच्या प्रेमापासून आपल्याला कोण वेगळं करील म्हणून यादी आहे: संकट, क्लेश, छळ, उपासमार, नग्नता, आपत्ती, तलवार. यातलं काही येणारच नाही, असं पौल लिहीत नाही. हे आलं तरी ते प्रेम सुटणार नाही, एवढंच लिहितो. मी या वाक्यावर उभा आहे. कधी कधी नुसता टेकलेलाही असतो.

उरलेलं

गुडघे टेकायचे का? टेकवत असतील तर टेका. माझे आता टेकत नाहीत, मी खुर्चीत बसतो. प्रार्थनेत झोप लागली तर लागू द्या. तो आपल्या प्रियजनांना झोप देतो असं १२७ व्या स्तोत्रात म्हटलंच आहे. रोजच लागत असेल तर बसून करा, आडवं होऊन नको. ईस्टरआधीच्या लेंटमध्ये उपास धरायचा असेल आणि साखरेचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारून धरा किंवा जेवण न सोडता मोबाइल सोडा.

चारचौघांत प्रार्थना करायची वेळ आली तर लहान करा. जकातदाराची प्रार्थना लूकच्या अठराव्या अध्यायात एका वाक्यात आटोपते आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो. परूश्याची, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धार्मिकाची, लांब आहे. जेवणाआधीची तर फारच लहान हवी. आमच्याकडे एक वडीलधारे गृहस्थ मटणावरची तर्री थिजेपर्यंत परराष्ट्र धोरणासाठी प्रार्थना करतात. त्यांच्यासाठी बुधवारची जागा राखून ठेवली आहे.

पोरांना मात्र हवं ते मागू द्या आणि सुधारायला जाऊ नका. कुत्रा मागू दे, परीक्षा पुढं ढकल म्हणू दे. माझा नातू २०२५ च्या रणजी फायनलला पाचही दिवस विदर्भासाठी प्रार्थना करत होता. सामना आपल्याच जामठ्याला, समोर केरळ. त्याला म्हटलं, बाबू, तिकडे तर घरोघरी संध्याकाळची प्रार्थना होते, तिकडची पोरंही मागतच असतील. त्यानं विचार केला आणि म्हणाला, मग देव काय करील? देवानं काय केलं ते मला ठाऊक नाही. सामना अनिर्णित सुटला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाला मिळाला. नातू म्हणतो, त्याची प्रार्थना ३७ धावांनी भारी पडली. मी अजून त्याच्याशी वाद घातलेला नाही.